दाराचा साकव

शेवरखारच्या देवळाकडे जायचं तर हा ओहोळ ओलांडावाच लागतो. गाड्यांसाठी पलीकडून नवा पूल झालाय, पण मिस्साला, म्हणजे तिथल्या प्रार्थनेला, जाणारा माणूस अजून याच साकवावरून जातो. जरा खाली बघून चाला. एकापुढे एक टाकलेल्या या दोन रुंद फळ्या दिसतात ना, मध्ये दगडी खांबावर टेकलेल्या, त्या साकवासाठी केलेल्याच नाहीत. कडेला बिजागऱ्या अजून आहेत, गंजून काळ्या ठिक्कर पडल्यात. इथं ही भोकं आहेत, ती कडीची. दार आहे हे. आणि वर टेकाडावर पांढरं दिसतंय ते सांत पेद्रूचं देऊळ. आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, तेव्हा गोंधळू नका. त्या देवळाला चौकट आहे, उंबरा आहे, दार तेवढं नाही.

आलेल्या पाहुण्यांना वाटतं, काम अर्धवट राहिलंय. मागे एक सद्गृहस्थ आले होते, भले माणूस, म्हणाले, मी तुम्हाला सागवानी दार करून देतो, आईच्या नावानं. आम्ही त्यांना चहा पाजला, पोह्याचे पापड दिले आणि नको म्हणून सांगितलं. बिचारे खट्टू झाले. शेळ्या आत शिरतात म्हणून दुपारचा एक बांबूचा कूड आडवा लावतो आम्ही, गुडघ्याएवढा. त्यालाही कडी नाही. पावसाळ्यात माडाच्या झापा बांधतो, तरी निम्मं देऊळ भिजतंच. पुढच्या रांगेत बसायला त्या दिवसांत कशी धावपळ होते ते एकदा येऊन बघा.

तर या दाराची गोष्ट अशी सांगतात.

फिरंग्यांचं राज्य जाऊन दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या. गावात होड्या बांधणारं एकच घर होतं, सुतारांचं. घरात दोन भाऊ, कैतान थोरला आणि बस्त्याव धाकटा. दोघांत बारा वर्षांचं अंतर. बाप लवकर गेला, त्यामुळे धाकट्याला हातात वाकस कसा धरायचा हे थोरल्यानंच शिकवलं. त्यांची आई नातालीबाय. तिची नजर तेव्हाच अधू झाली होती, माणूस जवळ आलं की पायरवावरून ओळखायची. कैतानची बायको एक मुलगा मागे ठेवून गेली होती. तो इनास, एकोणीस वर्षांचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा. काकाचा मात्र फार लाडका. दोघं मिळून घुमट, ते मातीच्या मडक्याचं वाद्य, वाजवायचे.

कैतान म्हणजे हाताला यश असलेला माणूस. त्याच्या हातची होडी कधी बुडाली नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते त्याला ऐकायला आवडायचं. वागायला कडक. चुकीचा खिळा दिसला तर आख्खी फळी काढून टाकायचा. बस्त्याव दुसऱ्या टोकाचा. हात थोरल्याहूनही हलका, पण मन घुमटात. काम अर्धं झालं की याचं लक्ष उडालंच म्हणून समजा.

आता होडीच्या कामातली एक रीत सांगतो, कारण सगळं त्या रीतीवरच अडलंय. दोन फळ्यांच्या सांध्यात तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, छिन्नी आणि मोगरीनं ठोकून ठोकून, आणि वर चुना-तेलाचा लेप द्यायचा. ते काम धाकट्याचं. ते झालं की थोरल्यानं नाळेपासून मागच्या टोकापर्यंत प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवायचा. डोळ्यांनी बघून भागत नाही. डोळ्याला लेप दिसतो, लेपाखाली कापूस आहे की पोकळी आहे ते अंगठ्यालाच कळतं. सगळे सांधे भरलेले आहेत अशी खात्री झाली की थोरला होडीच्या मागच्या बाजूला चुन्यानं एक क्रूस काढायचा. तो क्रूस असल्याशिवाय गावात कुणीही होडी पाण्यात लोटत नसे. आजोबा-पणजोबांपासून असंच चाललेलं.

त्या वर्षी मारीयेच्या सणाला, म्हणजे सप्टेंबरच्या आठ तारखेला, नवा मचवा तयार व्हायचा होता. सणाच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे पताका धरायचा मान त्या साली पहिल्यांदाच कैतानला मिळाला होता. त्यानं नवा पांढरा सदरा शिवून घेतला होता. सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. बस्त्याव मागच्या सांध्यावर बसला होता. तिथं, अगदी खालच्या बाजूला, वीतभर सांधा भरायचा राहिला होता. तेवढ्यात घुमटं वाजायला लागली. त्यानं त्या वीतभर जागेवर नुसता लेप ओढला, शेजारचा ठासलेला कापूस वाऱ्यानं सुटू नये म्हणून, आणि मनाशी म्हणाला, उद्या सकाळी करू. दादा अंगठा फिरवेल तेव्हा सापडेलच, चार शिव्या देईल, आपण भरून टाकू.

"झालं का रे?" कैताननं लांबून विचारलं.

"झालं, दादा," बस्त्याव म्हणाला आणि पळाला.

कैतान मचव्यापाशी आला. अंगावर नवा सदरा, हाताला चुना-तेल लागलं असतं. खाली वाकून, आडवं पडून सांधे तपासायचे म्हणजे तासाचं काम. तिकडे पाद्री लोरेन्सनी त्याच्या नावानं हाक मारली होती. त्यानं काडीच्या टोकाला चुना घेतला, सदऱ्याला लागू नये म्हणून लांबूनच हात केला, आणि क्रूस काढला. इतकी वर्षं चूक झाली नव्हती. एक दिवस अंगठा नाही फिरवला तर काय होतंय.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला मचवा निघाला. क्रूस होता, मग कोण थांबतं? मचव्यात तिघं होते, आणि नव्या मचव्याच्या पहिल्या फेरीला सुताराच्या घरचा माणूस असायचा म्हणून इनास त्यांच्यात. बस्त्याव कापूस आणि मोगरी घेऊन आला तेव्हा जागा रिकामी होती. असं सांगतात, की तो किनाऱ्यानं धावत सुटला, हातातली मोगरी तशीच, आणि ओरडत होता. वारा उलटा होता. मचव्यातल्या माणसांनी त्याला पाहिलं आणि हात हलवले.

दोघं जाळ्याच्या खांबांना धरून वाचले. इनास सापडला तिसऱ्या दिवशी.

पंच बसले. बस्त्यावनं काही लपवलं नाही. वीतभर सांधा भरला नव्हता, झालं म्हणून खोटं बोललो, असं उभ्यानं सांगितलं. मग पंचांतल्या म्हाताऱ्यानं कैतानला विचारलं, रीत म्हणूनच विचारलं, "क्रूस तूच काढलास ना? अंगठा फिरवला होतास?"

कैतानच्या डोळ्यांसमोर इनास होता, तिरडीवरचा. तो म्हणाला, "माझं काम मी केलं."

एवढंच. चार शब्द. पोटचा पोरगा गमावलेल्या बापाला दुसऱ्यांदा कोण विचारणार? त्यानं वर पाहिलं तर बस्त्याव त्याच्याकडेच बघत होता. बस्त्यावला ठाऊक होतं. अंगठा फिरवला असता तर पहिल्याच फेरीत तो त्या भोकात गेला असता, हे त्या दोघांइतकं गावात दुसऱ्या कुणाला कळणार होतं? पण बस्त्यावनं मान खाली घातली आणि गप्प राहिला. पंचांनी सांगितलं, यानं गाव सोडावं, याच्याशी कुणी पानाला पान लावून बसू नये. संध्याकाळच्या ओहोटीला तो ओहोळ उतरून गेला. आईला भेटला, थोरल्याला भेटला नाही.

त्यानंतर कैतान देवाधर्माला लागला. लोक म्हणायचे, बघा, दुःखानं माणूस कसा सुधारतो. त्याला स्वतःलाही तसंच वाटत असावं. आत काय सलतंय ते बाहेर येऊ नये म्हणून तो सारखा काही ना काही करत राहायचा. देवळाला तेव्हा दार म्हणून नुसती झापांची ताटी होती. कैतान म्हणाला, मी दार करतो, इनासच्या आठवणीसाठी. दोन वर्षं लागली त्याला. सागाच्या दोन झडपा, फळीला फळी अशी बसवलेली की मधून केस जायचा नाही. होडीसारखेच सांधे भरले, मासळीचं तेल पाजलं. आणि प्रत्येक सांध्यावरून त्यानं अंगठा फिरवला, एकदा नाही, दहा-दहा वेळा. बाहेरच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, मोठी अक्षरं कोरली. कैतान सुतारानं हे दार देवाला दिलं. मिस्सा सुटली की लोक त्या अक्षरांवरून हात फिरवायचे.

दार लावलं की बाहेरचा आवाज आत यायचा नाही. लाटांचा नाही, कावळ्यांचा नाही. पाद्री लोरेन्स खूश झाले होते. पुढे मात्र ते म्हणायचे म्हणे, की तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

बस्त्याव गेल्याला सात वर्षं झाली. आता दुसरी रीत सांगतो, ती देवळाची. राखेच्या बुधवारी, उपवासाचे दिवस सुरू होतात तेव्हा, गावानं बाहेर टाकलेल्या माणसाला परत येता यायचं. त्यानं गळ्यात काथ्याची दोरी घालून, अनवाणी, देवळाच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाची माफी मागायची. ज्या घराचं त्यानं नुकसान केलं त्या घरच्या कर्त्या माणसानं ती दोरी काढली आणि हाताला धरून आत नेलं, की झालं. मग कुणी जुनं काही उकरायचं नाही. आणि त्यानं हात धरला नाही तर दुसऱ्या कुणी धरून चालायचं नाही.

त्या बुधवारी बस्त्याव आला. अमावास्या नुकतीच झालेली, उधाणाचे दिवस. सकाळच्या ओहोटीला गुडघाभर पाण्यातून ओहोळ उतरून तो आला आणि फणसाच्या झाडाखाली थांबला. इथं तेव्हा साकव नव्हता. ओहोटीला चालत, भरतीला होडीनं, असं होतं. त्याला यायला थोडा उशीर झाला होता, बहुतेक माणसं आत गेली होती. केस पांढरे झालेले. कुठे कुठे होड्या दुरुस्त करून पोट भरत होता. आई म्हातारी झालीय, आता उशीर करू नये, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

कैतान दाराशीच होता. राखेच्या बुधवारी दाराशी उभं राहून लोकांना आत घ्यायचं काम आता त्याचंच होतं. त्यानं फणसाखालचा माणूस पाहिला. चाल बदलत नाही हो माणसाची. तो माणूस टेकाड चढायला लागला, गळ्यात दोरी, आणि कैतानला वाटलं, हा आता आत येणार. उंबऱ्यावर उभा राहून बोलणार. सात वर्षं गप्प राहिला, आज सगळ्या गावादेखत सांगणार, दादानं अंगठा फिरवला नव्हता.

त्यानं दार लोटलं आणि आतून कडी घातली. शेवटच्या बाकावरच्या माणसानं मान वळवली तेव्हा म्हणाला, "वारा फार आहे, मेणबत्त्या विझतायत."

मिस्सा सुरू झाली. कैतान दाराला पाठ लावून उभा होता. थोड्या वेळानं त्याच्या पाठीत तीन टकटकी बसल्या, हलक्या. बोटाच्या मधल्या सांध्यानं वाजवलेल्या. लाकूड आतून पोकळ आहे का ते बघायला सुतार तसं वाजवतो, आणि ते वाजवायला त्यानंच धाकट्याला शिकवलं होतं, त्याचं बोट आपल्या हातात धरून. पाठ लावली नसती तर त्यालाही कळलं नसतं. तो हलला नाही. पाद्री लोरेन्स पश्चात्तापावर बोलत होते. उशिरा का होईना, देव दारात उभ्या असलेल्याला ओळखतो, असं काहीतरी. परत तीन टकटकी. एकदा कैतानचा हात कडीकडे गेलासुद्धा. म्हणाला मनात, राख घेऊन येतो आणि उघडतो. रांगेतून पुढे गेला, कपाळावर राख लावून घेतली, परत येऊन दाराला पाठ लावली. तिसऱ्यांदा काही वाजलं नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं. हे त्यानंच पुढे सांगितलं, नाहीतर आपल्याला काय कळणार होतं, की त्या घडीला त्याला सुटल्यासारखं वाटलं.

मिस्सा सुटली, दार उघडलं. उंबऱ्यावर दोरी ठेवलेली होती, नीट वेटोळं करून.

दुपारी बाराची भरती. ओहोळ काठोकाठ भरून खाडीकडून आत ओढत होता. होडीवाले सगळे देवळात होते. ओहोटी लागल्यावर बस्त्याव तिवरांच्या मुळांत सापडला. पाण्यात तो मासोळीसारखा पोहायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग काय झालं? उधाणाला तिथं भोवरा पडतो हेही खरं आहे. आम्ही त्यावर जास्त बोलत नाही. पाद्री लोरेन्सनीही विचारलं नाही, त्याला देवळाच्या आवारातच मूठमाती दिली, इनासच्या शेजारी.

नातालीबायला देहापाशी आणून बसवलं. तिनं हातानं चेहरा चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी. मग म्हणाली, "हा आला होता. माझ्यापासून चाळीस पावलांवर उभा होता. मला कसं कुणी सांगितलं नाही?"

कुणालाच माहीत नव्हतं, तर सांगणार कोण? ज्याला माहीत होतं तो बाजूला उभा होता.

रात्र झाल्यावर, माणसं गेल्यावर, तिनं कैतानला जवळ बोलावलं. "एक गोष्ट आज सांगते," ती म्हणाली. "तो गेला त्या संध्याकाळी मला म्हणाला होता. आये, दादानं अंगठा न फिरवता क्रूस काढला. पण तू हे कधी बोलू नको. त्याचा पोरगा गेलाय. गावात मान आहे तेवढाच त्याच्यापाशी उरलाय, तो राहू दे. चूक मी केलीच आहे, मी एकटा उचलतो." मग म्हणाली, "सात वर्षं मी बोलले नाही. तुझ्या हातचं जेवले, तुझ्या दारातून आत गेले. आज बोलते."

असं सांगतात, की कैतान तिथून उठला तो सरळ होड्या बांधायच्या माचीवर जाऊन बसला आणि दोन दिवस तिथून हलला नाही. ज्याच्या तोंडाची त्याला भीती वाटली होती, त्यानं सात वर्षं त्याचीच अब्रू सांभाळली होती. तो बोलायला आलाच नव्हता. माफी मागायला आला होता.

तिसऱ्या दिवशी तो कुमसार करायला, पापाची कबुली द्यायला, पाद्री लोरेन्सपाशी गेला. ते बोलणं गावाला ठाऊक नसायचं, पण कैताननंच नंतर सगळ्यांना सांगितलं म्हणून आम्ही सांगतो. सगळं ओकून झाल्यावर तो म्हणाला, "मला अशी शिक्षा द्या की मी परत उठूच नये."

"देव तुला क्षमा करतोय," पाद्री म्हणाले.

"एवढ्यावर?"

"तुला काय वाटलं, तुझ्या दारासारखं तिथंही कुणी कडी घालून बसलंय? दया मागायला आलेल्याला तू बाहेर ठेवलंस. तुला बाहेर ठेवणारं तिथं कुणी नाही. तेच तर सोसवत नाही तुला." मग म्हणाले, "पण बस्त्याव अजून गावाच्या तोंडी एकटाच गुन्हेगार आहे. तेवढं ओझं मेलेल्याच्या अंगावरून उतरव."

रविवारी मिस्सा सुटल्यावर कैतान उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि बोलला. नवा सदरा, काडीच्या टोकाचा चुना, पंचांपुढचे चार शब्द, सात वर्षं, कडी, तीन टकटकी. काही ठेवलं नाही. ज्यांनी त्याची पताका पाहिली होती, ज्यांनी त्याच्या दारावरून हात फिरवला होता, ते सगळे ऐकत होते. गावानंही त्याला दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

मग तो आत गेला, हत्यारं घेऊन आला आणि दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. लोकांना वाटलं, हा आता कुऱ्हाड घालतोय. कुऱ्हाड त्यानं उचलली नाही. एक एक झडप दोरानं ओढत टेकाडावरून खाली आणली, एकट्यानं, कुणाला हात लावू दिला नाही. ओहोळाच्या मधोमध दगड रचले, ओहोटीच्या वेळा साधून अकरा दिवस रचत होता, आणि त्यावर ते दार आडवं टाकलं. उधाणाचं पाणी लागणार नाही एवढ्या उंचीवर. कोरलेली बाजू वर ठेवली.

एका बाईचं पाऊल अडखळलं. "यावर देवाचं नाव आहे, कैतानदादा," ती म्हणाली. "कसा पाय ठेवू?"

"देवाचं नाव मी माझ्या नावासाठी घातलं होतं," तो म्हणाला. "ठेव पाय. त्याला चालेल."

पण तो स्वतः देवळात गेला नाही. उंबऱ्यावरची ती दोरी त्यानं गळ्यात घातली आणि उपवासाच्या प्रत्येक रविवारी उंबऱ्याबाहेर अनवाणी उभा राहिला. आत जाणाऱ्या लहानथोरांना हात जोडायचा. रीतीप्रमाणे त्याची दोरी एकच माणूस काढू शकत होतं. ज्या घराचं नुकसान केलं त्या घरचं कर्तं माणूस म्हणजे आता नातालीबायच. शेजारची पोरगी तिला हाताला धरून आणायची. ती त्याच्या अगदी जवळून जायची. तिला पायरव कळायचा, श्वास कळायचा. पहिल्या रविवारी गेली, दुसऱ्या रविवारी गेली. तिसऱ्या रविवारी जराशी थांबल्यासारखी झाली आणि गेली. झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा, आला तेव्हा पोरीनं तिला विचारलं म्हणे, "आजी, काढत का नाहीस?" ती म्हणाली, "हात वर होत नाही गं. देवाला सांग, तोच करील."

ईस्टरच्या सकाळी सगळं गाव नवे कपडे घालून आलं. कैतान तिथंच, दाढी वाढलेली, दोरीनं मान सोललेली. नातालीबाय आली, पोरीचा हात सोडला, आणि त्याच्यासमोर उभी राहिली. त्याचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी, तसाच, जसा दुसऱ्याचा चाचपला होता.

"मी पुढेच बसले होते रे," ती म्हणाली. "दार फार चांगलं केलं होतंस तू. मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही."

कैतान तेव्हा रडला. पंचांपुढे नाही, इनासच्या मातीला नाही, बस्त्यावच्याही नाही, तेव्हा रडला. ती दोरी सोडवायला तिला वेळ लागला, गाठ दिसत नव्हती. कुणी मदत केली नाही, करायची नसते. मग त्याचा हात धरला आणि त्याला आत घेऊन गेली. जिला रोज कुणीतरी धरून न्यायचं, ती बाई पुढे, आणि तो धिप्पाड माणूस तिच्या मागे.

माफी मिळाली. पण गेलेलं माणूस माफीनं परत येत नाही, ते त्याला शेवटपर्यंत कळत राहिलं. त्यानं पुढे पुष्कळ होड्या बांधल्या, चुन्याचा क्रूस मात्र पुन्हा काढला नाही, ते काम दुसऱ्याला दिलं. देवळात तो कायम दाराच्या मोकळ्या चौकटीपाशी बसायचा. मिस्सा सुरू व्हायची वेळ झाली की उठायचा, उंबऱ्यापर्यंत जायचा, आणि ओहोळाकडे तोंड करून मोठ्यानं विचारायचा, "कोणी राहिलंय का?" तीन टकटकी व्हायला लागतात तेवढा वेळ थांबायचा. मग पाद्रींकडे बघून मान हलवायचा. पहिल्यांदा पोरं हसायची. नंतर हसेनाशी झाली. तो गेल्यावर पुढच्या रविवारी कुणी हाक मारली नाही, तर पाद्रींनी मिस्सा सुरूच केली नाही म्हणे. मग शेवटच्या बाकावरची एक बाई उठली आणि तिनं हाक मारली.

खाऱ्या पाण्यावरचं लाकूड एवढी वर्षं टिकत नाही. हे टिकलंय. कुणी म्हणतं, सागाला मासळीचं तेल पाजलंय, कुजेल कसं? कुणी म्हणतं, देवाची दया आहे. मी म्हणतो, दोन्ही असेल, तुम्हाला काय मानायचं ते माना. अक्षरं मात्र राहिली नाहीत. इथं, या पहिल्या झडपेवर होती. वाका, हात लावून बघा. काही लागतंय का हाताला? तुळतुळीत आहे ना? सगळ्या गावाच्या पायांनी पुसलं ते.

आजही राखेच्या बुधवारी आम्ही सगळे इथं वाकतो आणि दोन फळ्यांमधल्या सांध्यावरून एकदा अंगठा फिरवतो, मगच टेकाड चढतो. कुणाचं कुणाशी बिनसलं असेल तर उंबऱ्याबाहेर हात धरायचा आणि आत न्यायचं. दर वेळी जमतंच असं नाही. माझ्याच घरातलं एक तीन वर्षं अडलंय. आणि आजही मिस्सा सुरू व्हायच्या आधी कुणीतरी उंबऱ्यावर जाऊन ओहोळाकडे तोंड करून हाक मारतं. घराघराची पाळी असते, या रविवारी माझी आहे. चला, घंटा झाली, तुम्ही पुढे होऊन बसा. मी तिथं उभा राहून विचारीन, "कोणी राहिलंय का?" आणि थोडा वेळ थांबेन. इतक्या वर्षांत साकवावरून कधी उत्तर आलं नाही. तरी तेवढा वेळ आम्ही थांबतो.